पूररेषेवर प्रश्न विचारले म्हणून संस्था ‘राजकीय’? करसवलतीबद्दल जाणकारांनी बोलावं

शाहूपुरी_सहावी_गल्ली

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण तुकड्यातुकड्यांत विचारला तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळं एकदाच लिहिते.

पूर आणि नदी या विषयांवर काम करणाऱ्या एका छोट्या नोंदणीकृत न्यासाची मी चिटणीस आहे. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या भागातल्या लोकांनीच तो सुरू केला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की सुतारवाड्यातल्या कुटुंबांचं सामान हलवायला टेम्पो आणि पोरं उभी करायची, चित्रदुर्ग मठात अंथरुणं, औषधं, लहान मुलांचं दूध पोचवायचं. हे पावसाळ्यातलं काम. उरलेले आठ महिने पूररेषेच्या (पुराचं पाणी जिथवर येतं त्या आखलेल्या हद्दीच्या) आत कुठे भराव पडतोय, कुठला ओढा बुजवला जातोय याच्या तारीखवार नोंदी आणि फोटो ठेवायचे, ते महापालिकेला आणि पाटबंधारे खात्याला द्यायचे. दोन-दोन स्मरणपत्रं देऊनही कुणी हललं नाही की दसरा चौकातून मोर्चा. कोल्हापुरात याचं कुणाला नवल वाटायचं कारण नाही.

धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी झाली. प्राप्तिकराची तात्पुरती नोंदणीही मिळाली. आता १२एबीची (संस्थेच्या उत्पन्नावरच्या करमाफीची) नियमित नोंदणी आणि ८०जी (देणगीदाराला मिळणारी करसवलत) यासाठी १०एबी अर्ज भरला, त्यावर प्रश्नावली आली. हिशेब, पावत्या, सभेचे ठराव, बँकेचे उतारे मागितलेत. मागायलाच हवेत, लोकांचे पैसे आहेत. पण त्याखाली असे प्रश्न आहेत: मोर्चे कोणत्या धर्मादाय उद्देशात बसतात? मोर्चात कोणत्या पक्षाचे पदाधिकारी होते? विश्वस्तांपैकी कुणी निवडणूक लढवली आहे का? (एक विश्वस्त माजी नगरसेवक आहेत.) आणि महापालिका निवडणुकीआधी आम्ही प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना निळ्या आणि लाल पूररेषेबद्दल, नाल्यांबद्दल, अलमट्टी धरणाच्या उंचीबद्दल लेखी प्रश्न पाठवले आणि आलेली उत्तरं जशीच्या तशी छापून वाटली, तो ‘राजकीय प्रचार’ नाही हे कशावरून?

कुणाला मत द्या असं त्या कागदावर एका ओळीतही नव्हतं. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्या नावापुढे ‘उत्तर आले नाही’ एवढंच छापलं होतं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या प्रश्नांना उत्तर कसं द्यावं? आणि दुसरी, जी मला जास्त टोचते: राजकीय पक्षांना कर माफ आहे, मग राजकारण्यांना प्रश्न विचारणाऱ्यांकडेच संशयानं का पाहायचं? हा न्याय सगळ्यांना सारखा लावतात का?

जुना_आयकरवाला

ताई, मी खात्यात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. अधिकाऱ्याच्या बाजूनं थोडं सांगतो, राग मानू नका.

प्रश्नावली म्हणजे नकार नव्हे. अर्ज मंजूर करण्याआधी संस्थेचे उद्देश आणि तिचं काम खरोखर चालतं का, हे दोन्ही तपासणं कायद्यानं अधिकाऱ्यावर टाकलेलं आहे. प्रश्न न विचारता सही केली आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर तो त्याच्याच नावावर बसतो. त्यामुळे शंका आली की लिहून विचारायचं, ही सवयच लागते.

धर्मादाय हेतूची व्याख्या कायद्यात आहे: गरिबांना मदत, शिक्षण, योग, वैद्यकीय मदत, पर्यावरणाचं जतन, वास्तूंचं जतन, आणि शेवटी सर्वसाधारण लोकोपयोगी कुठलाही हेतू. राजकारण त्यात नाही. ते बाहेर ठेवलं ते न्यायालयांनी, आणि फार जुन्या काळापासून. विठ्ठलभाई पटेल १९३३ मध्ये वारले. भारताच्या राजकीय उन्नतीसाठी वापरावा म्हणून मोठा पैसा त्यांनी मृत्युपत्रानं सुभाषचंद्र बोस यांच्या हाती सोपवला होता. मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि हा हेतू धर्मादाय ठरत नाही असा निकाल लागला. त्यानंतर काही वर्षांतच अखिल भारतीय चरखा संघाचं प्रकरण आलं. गांधीजींची संस्था, काँग्रेसच्या छायेखाली जन्मलेली, म्हणून ती राजकीय असा कर खात्याचा मुद्दा होता. प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वात वरच्या न्यायालयानं, १९४४ मध्ये तो फेटाळला. संघ प्रत्यक्षात खेड्यातल्या गरीब सूतकत्त्यांना काम देतो, तेच महत्त्वाचं, असं म्हणून करमाफी मान्य केली. माझ्या नोकरीत हाच निकाल मी डोळ्यासमोर ठेवला. संस्थेभोवती कोण उभं आहे ते न बघता संस्था करते काय ते बघायचं.

आणि पक्षांना सगळं मोकळं आहे असंही नाही. काँग्रेसचंच बघा. २०१८-१९ या कर निर्धारण वर्षाचं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत भरायचं होतं, ते २ फेब्रुवारी २०१९ ला भरलं गेलं. शिवाय दोन हजारांवरच्या रोख देणग्या निघाल्या, १४.४९ लाखांच्या. करमाफी गेली. १९९ कोटींच्या उत्पन्नावर कर बसला आणि जुलै २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणानंही तेच कायम ठेवलं.

राजारामपुरीचा_सीए

आधी कामाचं बोलतो.

तुमच्या न्यासाच्या दस्तात उद्देश कसे लिहिलेत ते बघा. पर्यावरणाचं जतन हा व्याख्येतला स्वतंत्र हेतू आहे आणि त्यात पाणलोट क्षेत्रही येतं. नदी, पूररेषा, ओढे हे सगळं तिथे बसवा. ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ या कप्प्यात स्वतःहून जाऊ नका, तिथे शुल्क-विक्रीच्या उत्पन्नावर २० टक्क्यांची मर्यादा येते आणि ‘लोकोपयोगी म्हणजे काय’ यावर वादाला तोंड फुटतं. पूरग्रस्तांना दिलेली मदत गरिबांच्या मदतीत दाखवा. खर्चाचा तक्ता कामानुसार करा. मोर्चावर खर्च झाला किती? बॅनर, लाऊडस्पीकर आणि चहा. एकूण खर्चाच्या तुलनेत तो आकडा समोर ठेवला की अर्धी चर्चा तिथेच संपते.

उमेदवारांची प्रश्नावली लपवू नका. सगळ्यांना पाठवल्याच्या पोचपावत्या, आलेली मूळ उत्तरं आणि छापलेला कागद, तिन्ही जोडा. माजी नगरसेवकांनी त्या ठरावाच्या वेळी मत दिलं की नाही हे इतिवृत्तात असेल तर तेही.

अर्ज फेटाळायचा असेल तर तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते आणि आदेश कारणांसह लेखी काढावा लागतो. त्यावर न्यायाधिकरणात अपील करता येतं. आणि अर्ज वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवता येत नाही, ज्या तिमाहीत अर्ज आला तिच्या अखेरीपासून सहा महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तारखा लिहून ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण बाजारात अजून सगळे १२ए आणि ८०जीच म्हणतात.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी त्यांच्याच बाजूचा आहे. पक्षाला माफी मिळते ती निवडणूक आयोगाकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ए खाली नोंदणी झाली म्हणून. त्याचे उद्देश धर्मादाय आहेत का, त्यानं मोर्चे का काढले, हे कुठलाही कर अधिकारी विचारत नाही. न्यासाला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करावे लागतात, नाहीतर राखून ठेवण्याचा वेगळा अर्ज. पक्षाला असं बंधन नाही. न्यासाला ८०जी साठी देणगीदारांची यादी पॅन किंवा आधारसह भरावी लागते. पक्षानं आयोगाला कळवायची ती फक्त वीस हजारांवरच्या देणगीदारांची नावं. आणि देणाऱ्याचं बघा. जुन्या करप्रणालीत पक्षाला चेकनं दिलेली देणगी पूर्णच्या पूर्ण वजा होते. तुमच्यासारख्या संस्थेला दिली तर साधारण निम्मी, आणि तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. माझ्याकडे येणारे लोक हे ऐकून दोनदा विचारतात, खरं का म्हणून.

मंगळवार_पेठ_तालीम

ताई, एक विचारतो. हे ८०जी पायजेच कशाला?

टोलचं आंदोलन आठवतंय ना? एन. डी. पाटील सर, गोविंद पानसरे अण्णा, सगळ्या पक्षाची माणसं, पेठांतल्या तालमी, बायाबापड्या. कुठली नोंदणी नि कुठली करसवलत. कृती समिती म्हणजे कृती समिती. चौकात पावती फाडली, त्याच पैशाचा मांडव, त्याच पैशाचं पत्रक. टोल गेला. हायकोर्टाच्या खंडपीठासाठी वकिलांनी किती वर्षं काढली, ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच आलंच की. सरकारकडं सवलत मागायला गेलं की सरकार विचारणारच, तुमी आमच्या विरोधात का बोलता. नकोच ते. आपला हात मोकळा ठेवायचा.

पानसरे अण्णांना तर फेब्रुवारी २०१५ मध्ये गोळ्या घातल्या. प्रश्न विचारणाऱ्याला आपल्याकडं काय काय सोसावं लागतं ते कोल्हापूरला सांगायला नको. कराचा कागद त्यापुढं लहान आहे, पण तुमी म्हणताय ती टोचणी खरी आहे.

कोल्हापूर_ते_ओहायो

मी उत्तरेश्वर पेठेतला, आता ओहायोत असतो. हा वाद इथे फार मोठा झाला होता आणि कर खात्याच्या ज्या कार्यालयावरून झाला ते याच राज्यात, सिनसिनाटीत. म्हणून लिहितो.

अमेरिकेत ‘समाजकल्याण’ संस्थांचा एक वर्ग आहे, ५०१(सी)(४). त्यांना कर माफ असतो, थोडंफार राजकीय काम चालतं, देणगीदारांची नावं जाहीर करावी लागत नाहीत. किती राजकीय काम चालेल याचा आकडा मात्र कायद्यात कुठेच नाही. २०१० पासून अर्जांचा ओघ वाढला तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी अर्ज चाळायला सोपी युक्ती काढली: नावात ‘टी पार्टी’, ‘पेट्रियट्स’ असले (उजव्या, सरकारविरोधी गटांचे) शब्द दिसले की अर्ज बाजूला काढायचा. मग देणगीदार कोण, सभासद काय वाचतात, असली लांबलचक चौकशी. मे २०१३ मध्ये खात्याच्या महिला अधिकारी लॉइस लर्नर यांनी जाहीर माफी मागितली आणि चार दिवसांनी कर खात्याच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या महानिरीक्षकांचा अहवाल आला. त्यातले आकडे मला पाठ आहेत. तपासलेल्या २९६ अर्जांपैकी १०८ मंजूर, २८ संस्थांनी अर्ज मागे घेतले, आणि १६० नुसते पडून, काही ११३८ दिवस. नाकारला एकही नव्हता.

हे वाक्य पुन्हा वाचा. नकार कुणालाच नाही. फक्त थांबवून ठेवलं. मध्ये निवडणुका होऊन गेल्या.

त्यावेळी सगळे म्हणाले की ओबामा सरकारनं विरोधकांना छळलं. २०१५ मध्ये न्याय खात्यानं कुणावरही गुन्हा दाखल होणार नाही असं जाहीर केलं, ढिसाळ कारभार होता म्हणाले. २०१७ मध्ये महानिरीक्षकांचा दुसरा अहवाल आला, त्यात ‘प्रोग्रेसिव्ह’, ‘ऑक्युपाय’ असल्या नावांवरूनही, म्हणजे डाव्या बाजूचेही अर्ज बाजूला काढल्याचं दिसलं. त्याच वर्षी सरकारनं टी पार्टी गटांशी न्यायालयात तडजोड केली, माफी मागितली. पण रोगाचं मूळ, म्हणजे किती राजकारण चालेल याची अस्पष्टता, आजही तशीच आहे. नवा नियम करायला संसदेनंच २०१५ च्या अखेरीपासून कर खात्याला पैसा खर्च करायची बंदी घातली.

कॅनडात मात्र सुटलं. तिथे २०१२ च्या अर्थसंकल्पानंतर धर्मादाय संस्थांच्या राजकीय कामाची खास तपासणी सुरू झाली होती. गरिबीवर काम करणारी एक संस्था न्यायालयात गेली, २०१८ मध्ये जिंकली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा बदलला. आता धोरणावर संस्थेनं हवं तितकं बोलावं, कुठल्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध करायचा नाही. बस.

शाहूपुरी_सहावी_गल्ली

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते, कारण प्रत्येकाच्या लिहिण्यात मला काहीतरी सापडलं.

तालीमवाले दादा, टोलच्या मोर्चात मीही होते. कृती समितीचं बळ मला माहीत आहे. पण समिती प्रश्न सुटला की विसर्जित होते, आणि पूर दर पावसाळ्यात येतो. आम्हाला बोट घ्यायची आहे, लाइफ जॅकेटं घ्यायची आहेत, प्रयाग चिखली-आंबेवाडीपर्यंत माणसं पोचवायची आहेत. इचलकरंजीतले एक उद्योजक बोटीचे पैसे द्यायला तयार आहेत, त्यांची अट एकच, ८०जीची पावती. ती सवलत मी सरकारची मेहेरबानी म्हणून मागत नाही. पुराच्या रात्री जे काम सरकारनं करायचं ते आम्ही करतो, त्यासाठी लोकांनी दिलेल्या पैशावर कर नको, एवढंच. आणि सवलत हवी असेल तर मोर्चा सोडा, असा सौदा मी करणार नाही. चिखलीतून माणूस बोटीनं बाहेर काढायचा आणि ज्या भरावामुळे पाणी त्याच्या घरात शिरलं त्याबद्दल गप्प बसायचं, हे मला जमणार नाही. ती दोन कामं वेगळी नाहीतच.

निवृत्त सर, तुमचा राग आला नाही. चरखा संघाचा निकाल मला माहीत नव्हता, तो उत्तरात घालणार आहे. पण काँग्रेसच्या उदाहरणानं माझाच मुद्दा पक्का होतो असं मला वाटतं. तिथे प्रश्न काय होता? तारीख चुकली, आणि रोख रक्कम दोन हजारांवर गेली. दोन्ही गोष्टी कॅलेंडर आणि पावतीपुस्तक काढून कुणालाही तपासता येतात. शिक्षा कडक होती, निवडणुकीच्या तोंडावर वसुली लावली हे मला पटलं नाही, आणि पुढे खात्यानंच सर्वोच्च न्यायालयात निवडणूक होईपर्यंत कठोर कारवाई करणार नाही असं सांगितलं. पण निकष मोजता येणारा होता. आम्हाला विचारलंय, मोर्चा राजकीय की धर्मादाय? हे कुठल्या पट्टीनं मोजायचं? पट्टीच नसेल तर अधिकारी मोजणार ते स्वतःच्या धास्तीनं किंवा वरच्याच्या मर्जीनं. ओहायोच्या भावानं लिहिलंय तेच मला भिववतं. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या मनात द्वेष होता की नाही हे कधी सिद्ध झालंच नाही, तरी गटांचे दिवस गेले ते गेलेच.

आपल्याकडे हे फक्त लहान संस्थांपुरतं नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चसारख्या नावाजलेल्या संस्थेवर सप्टेंबर २०२२ मध्ये प्राप्तिकराचं सर्वेक्षण (म्हणजे जागेवर जाऊन तपासणी) झालं आणि २०२३ मध्ये तिची करसवलत काढून घेतली गेली. जानेवारी २०२५ मध्ये शोधपत्रकारिता करणाऱ्या रिपोर्टर्स कलेक्टिव्हनं जाहीर केलं की त्यांची सवलत रद्द झाली, पत्रकारितेतून सार्वजनिक हेतू साधत नाही हे कारण देऊन. सरकारला नको ते कागद वाचणाऱ्या संस्था ओळीनं यात सापडाव्यात, हे मला योगायोग वाटत नाही. दुसऱ्या बाजूला बघा, आयोगानं ऑगस्ट २०२५ मध्ये ३३४ नोंदणीकृत पक्ष यादीतून काढले, का तर सहा वर्षांत एकही निवडणूक लढवली नाही. इतकी वर्षं ते पक्ष म्हणून कागदावर उभे होते. त्यांना कुणी ‘तुमचा हेतू काय’ असं विचारलं होतं का?

म्हणून मला कॅनडातली रेषा आवडली. उमेदवाराला पाठिंबा नाही, विरोध नाही, बाकी धोरणावर मोकळेपणानं बोला. अशी रेषा आमच्या कायद्यात लिहिलेली असती तर आम्ही प्रश्नावली छापताना ती समोर ठेवली असती आणि अधिकाऱ्यालाही ती समोर ठेवून पाच मिनिटांत निर्णय देता आला असता. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये परदेशी देणगीच्या कायद्याबाबत असंच काहीसं म्हटलंय ना? राजकीय उद्दिष्ट नसताना लोकहितासाठी बंद, निदर्शनं करणाऱ्या संस्थेला राजकीय ठरवून परदेशी निधी नाकारता येणार नाही, असं. कायदा वेगळा आहे, गृहखात्याचा, पण कारणमीमांसा इथेही चालेल का? सीए साहेब, हे उत्तरात घालावं का?

राजारामपुरीचा_सीए

घाला, इन्साफ विरुद्ध भारत सरकार, २०२०. पण शेवटी घाला. अधिकारी आधी आकडे बघतो, मग निकाल. सुरुवात सुतारवाड्याच्या स्थलांतराच्या नोंदींनी करा, मग भरावाच्या तक्रारींची यादी आणि महापालिकेच्या पोचा, मग खर्चाचा तक्ता, मग प्रश्नावलीची तिन्ही कागदपत्रं. माजी नगरसेवकांबद्दल सरळ लिहा की ते होते, कोणत्या पक्षातून होते, आणि न्यासातून त्यांना एक रुपयाही मिळत नाही.

बोटीचं कोटेशनही जोडा. आणि सुनावणी मागा, व्हिडिओवरून का असेना. समोरासमोर विचारलेला प्रश्न कागदावरच्या प्रश्नापेक्षा बहुतेक वेळा सौम्य असतो.

जुना_आयकरवाला

सुनावणीला माजी नगरसेवकांनाही घेऊन जा ताई. टाळलंत तर तोच पहिला प्रश्न होईल. आणि चरखा संघाच्या निकालाची प्रत लागली तर सांगा, माझ्या जुन्या फायलीत आहे, स्कॅन करून देतो.

शाहूपुरी_सहावी_गल्ली

लागेल, सर. सोमवारी उत्तर अपलोड करतोय, त्याआधी मिळाली तर बरं होईल.